बाणावरचा शब्द : संकल्पनाचित्राच्या इतिहासाविषयी काही

‘आकृती पूर्ण करा’ ही सूचना गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील शाळांमधून शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे. मधोमध एक चौकट, तिच्याभोवती चार रिकामी वर्तुळे, चौकटीतून वर्तुळांकडे गेलेल्या रेघा. उताऱ्यातून चार शब्द शोधायचे, वर्तुळांत भरायचे आणि दोन गुण पदरात पाडून घ्यायचे. हीच मुले पुढे आमच्या वर्गांत, म्हणजे महाविद्यालयातील मराठीच्या वर्गांत, येऊन बसतात. फळ्यावर कोणतीही आकृती काढली की त्यांच्याकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, यात काय भरायचं?’

या प्रश्नात विद्यार्थ्यांचा काही दोष नाही. आकृती दुसऱ्या कोणीतरी काढायची असते आणि आपण तिच्यातील रिकाम्या जागा भरायच्या असतात, हेच त्यांना दहा वर्षे शिकवले गेलेले असते. परंतु ज्या आकृतीला आपण ‘संकल्पनाचित्र’ किंवा ‘कन्सेप्ट मॅप’ म्हणतो तिचा इतिहास पाहू लागल्यावर आम्हांला आढळले, की ती मुळात मुलांनी काय भरावे हे सांगण्यासाठी काढली गेलीच नव्हती. मुले काय बोलत आहेत ते नीट ऐकू यावे, यासाठी ती जन्माला आली. ऐकण्याच्या या साधनाचे भरण्याच्या साधनात रूपांतर कसे झाले आणि त्यात आम्हां अध्यापकांचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

ज्ञानाची मांडणी आकृतीत करण्याची हौस युरोपात फार जुनी आहे. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पोर्फिरी याने ॲरिस्टॉटलच्या तर्कविचाराची ओळख करून देणारी ‘इसागोगे’ ही छोटेखानी पुस्तिका लिहिली. द्रव्य, त्याचे शरीरी आणि अशरीरी हे भेद, शरीरी द्रव्यांत सजीव आणि निर्जीव, अशी एकेक पायरी उतरत तो मनुष्यापर्यंत येतो. पोर्फिरीने हे सारे शब्दांत सांगितले होते. त्याचे झाड काढले ते पुढच्या काळातील अभ्यासकांनी आणि नकलकारांनी. ‘पोर्फिरीचे झाड’ या नावाने ते शतकानुशतके तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले. मायोर्का बेटावरच्या रामोन युल याने १२९५-९६ मध्ये ज्ञानवृक्षाच्या कल्पनेवर एक विशाल ग्रंथच रचला आणि सोळा झाडांच्या रूपाने तत्कालीन सर्व विद्यांची व्यवस्था लावली.

मात्र आकृतीला खऱ्या अर्थाने वर्गात आणून बसवले ते सोळाव्या शतकातील पेत्रुस रामुस (१५१५-१५७२) याने. रामुस पॅरिसमध्ये शिकवीत असे. १५५१ मध्ये तो तेथे राजनियुक्त प्राध्यापक झाला. त्याची पद्धत सांगायला अगदी सोपी होती. विषयाची व्याख्या करावी, त्याचे दोन भाग पाडावेत, प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, आणि असे करीत आणखी विभागणी शक्य नसलेल्या तपशिलापर्यंत पोचावे. डावीकडून उजवीकडे महिरपी कंसांनी पसरत जाणारे त्याच्या परंपरेतील तक्ते आजच्या एखाद्या गाईडमध्ये छापले तर मुळीच विजोड दिसणार नाहीत. छापखान्याने त्यांना पंख दिले. हस्तलिखितात अशी आकृती प्रत्येक नकलेत थोडीफार बिघडत जाई. छापील पानावर ती हजार प्रतींत तंतोतंत तशीच राहू लागली. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमधील सेंट बार्थोलोम्यू दिनाच्या कत्तलीत प्रॉटेस्टंट रामुस मारला गेला. त्याची पद्धत मात्र प्रॉटेस्टंट युरोपातील शाळाशाळांतून पसरली आणि अटलांटिक ओलांडून न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांपर्यंत पोचली.

या यशाची किंमत काय पडली, याचा सविस्तर विचार वॉल्टर ऑंग या अमेरिकन जेझुइट अभ्यासकाने केला. रामुसवरील त्याचा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच ‘संवादाचा ऱ्हास’ हा शब्दप्रयोग आहे. ऑंगच्या विवेचनाचा आशय आमच्या शब्दांत असा सांगता येईल : ज्ञान ही दोन बोलणाऱ्या माणसांमध्ये घडणारी गोष्ट आहे, ही जाणीव रामुसच्या तक्त्यांनी मागे सारली. ज्ञान म्हणजे कागदावर विशिष्ट जागी ठेवलेली वस्तू झाली. तिच्याविषयी शंका घेणारा, अडवणारा, उलट प्रश्न विचारणारा माणूस चित्रातून नाहीसा झाला. तक्ता वादविवाद करीत नाही. तो फक्त पाठ करता येतो.

संकल्पनाचित्राचा विचार करताना रामुसची आठवण ठेवणे म्हणूनच आवश्यक वाटते. आकृती काढली म्हणजे अध्यापन आपोआप संवादी होते, असा एक भाबडा समज शिक्षणविषयक प्रशिक्षणवर्गांतून पसरलेला आहे. इतिहासाची साक्ष याच्या उलट आहे. आकृतीने संवाद संपवल्याचे उदाहरण आधीचे आहे. आकृतीने संवाद सुरू केल्याचे उदाहरण त्याच्या बरोबर चारशे वर्षांनंतरचे, म्हणजे १९७२ चे.

२

त्या उदाहरणाकडे येण्यापूर्वी डेव्हिड ऑसुबेल (१९१८-२००८) या मानसशास्त्रज्ञाची भेट घ्यावी लागते. ऑसुबेलचे शिक्षण वैद्यकाचेही झालेले होते. १९६३ मध्ये अर्थपूर्ण शाब्दिक अध्ययनावरचा आणि १९६८ मध्ये शैक्षणिक मानसशास्त्रावरचा असे त्याचे दोन महत्त्वाचे ग्रंथ आले. अमेरिकन मानसशास्त्रावर तोवर वर्तनवादाची छाया होती. उद्दीपक, प्रतिसाद आणि बक्षीस या त्रिकोणात शिकण्याचा सारा व्यवहार बसवला जाई. दुसरीकडे जेरोम ब्रूनरच्या १९६० मधील पुस्तकानंतर ‘मुलांना स्वतः शोधू द्या’ ही घोषणा जोरात होती. ऑसुबेलचे या दोहोंशी पटले नाही.

त्याचे म्हणणे असे, की शिकवण्याची रीत आणि शिकण्याची प्रत या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. शिक्षकाने सांगितलेले ऐकूनही अर्थपूर्ण शिकणे होऊ शकते आणि स्वतः प्रयोग करूनही घोकंपट्टीच होऊ शकते. नवी कल्पना विद्यार्थ्याच्या मनात आधीपासून असलेल्या कल्पनांना कोठे आणि कशी जोडली जाते, यावर सारे अवलंबून असते. म्हणून विद्यार्थ्याला आधी काय ठाऊक आहे ते शोधून काढणे आणि तेथून शिकवायला प्रारंभ करणे, हे त्याच्या मते अध्यापनाचे पहिले सूत्र होय. व्याख्यानावरच उपजीविका असलेल्या आमच्यासारख्यांना या विचारात दिलासाही आहे आणि धाकही. व्याख्यान देणे हा गुन्हा नव्हे, हा दिलासा. पण समोरच्याच्या मनात काय आहे याचा पत्ता नसताना व्याख्यान देत राहणे याला क्षमा नाही, हा धाक.

प्रश्न उरतो तो असा, की समोरच्याच्या मनात काय आहे हे शोधायचे कसे? ऑसुबेलच्या सूत्राला हात-पाय फुटले ते या प्रश्नाचे उत्तर शोधताना.

जोसेफ नोव्हाक पर्ड्यू विद्यापीठात काही वर्षे शिकवून १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात आला. लहान मुलांना पदार्थाचे कण, ऊर्जा यांसारख्या अमूर्त कल्पना समजूच शकत नाहीत, असा पियाजेच्या सिद्धान्तावर आधारलेला समज त्या काळी दृढ होता. नोव्हाकला तो मान्य नव्हता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ध्वनिफितींवर आधारित २८ विज्ञानपाठ तयार केले. मूल एकटे बसून ध्वनिफितीवरच्या सूचना ऐके आणि समोर ठेवलेल्या वस्तू हाताळे. असे पाठ १९१ मुलांना दिले गेले. तुलनेसाठी हे पाठ न मिळालेली ४८ मुले निवडण्यात आली. पुढे ही मुले शाळेत वर चढत गेली तशा ठरावीक काळाने त्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्या थेट बारावीपर्यंत. बारा वर्षांच्या या अभ्यासाचा वृत्तान्त नोव्हाक आणि मुसोंडा यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. पहिली-दुसरीत ते पाठ मिळालेल्या मुलांच्या वैज्ञानिक कल्पना बारावीतही अधिक समृद्ध होत्या आणि त्यांतील चुकीच्या समजुती कमी होत्या, असे त्यात दिसून आले.

संकल्पनाचित्र जन्मले ते या अभ्यासाच्या वाटेवरच्या एका अडचणीतून. मुलाखती ध्वनिमुद्रित होत, त्यांचे उतारे लिहून काढले जात आणि एकेका मुलाखतीची पंधरा-वीस पाने भरत. मुले किती बोलतात हे ज्यांनी मुलांशी गप्पा मारल्या आहेत त्यांना सांगायला नको. त्या बोलण्यात अर्थ आहे हे जाणवे. पण गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या बोलण्यात नेमका कोणता बदल झाला, हे पानांच्या ढिगातून हाती येईना. १९७२ मध्ये या गटाने एक मार्ग काढला. मुलाच्या बोलण्यातील मुख्य नामे चौकटींत लिहायची, व्यापक वर आणि विशिष्ट खाली. आणि मुलाने ती ज्या शब्दांनी जोडली ते शब्द चौकटींमधल्या रेघेवर लिहायचे. वीस पाने एका पानावर आली.

यातली खरी नवलाई रेघेवरच्या शब्दात आहे. समजा, एक मूल म्हणाले, ‘साखर पाण्यात नाहीशी होते’ आणि दुसरे म्हणाले, ‘साखरेचे कण पाण्याच्या कणांमध्ये पसरतात.’ दोघांच्याही चित्रांत ‘साखर’ आणि ‘पाणी’ हे शब्द आहेत. केवळ चौकटी पाहणाऱ्याला दोघांनाही सारखेच येते असे वाटेल. ज्ञान आणि अज्ञान यांतला फरक दोन चौकटींच्या मधल्या जागेत, बाणावर, लिहिलेला आहे. पोर्फिरीच्या झाडावर आणि रामुसच्या तक्त्यात ही जागा बहुतेक मुकी होती, कारण तेथे संबंध एकाच जातीचा असे : हा त्याचा प्रकार. इथाकाच्या चित्रात मात्र प्रत्येक रेघेला तोंड फुटले, आणि त्यातून येणारा आवाज शिक्षकाचा नसून मुलाचा होता.

३

संशोधकांच्या उपयोगासाठी निघालेली ही युक्ती लवकरच विद्यार्थ्यांच्या हाती गेली. नोव्हाक आणि बॉब गोविन यांचे ‘लर्निंग हाउ टू लर्न’ हे पुस्तक १९८४ मध्ये आले आणि वर्गात संकल्पनाचित्र कसे करून घ्यावे याची रीत जगभरच्या शिक्षकांपर्यंत पोचली. आज रूढ असलेली ही रीत साधी आहे. प्रथम एक नेमका प्रश्न ठरवावा. ‘पाणी’ हा विषय झाला. ‘पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत कसे पोचते?’ हा प्रश्न झाला, आणि चित्र नेहमी प्रश्नाचे काढावे. मग त्या प्रश्नाच्या उत्तरात येऊ शकतील अशा पंधरा-वीस संकल्पना चिठ्ठ्यांवर लिहाव्यात, व्यापक ते विशिष्ट अशा क्रमाने लावाव्यात, बाण काढावेत आणि प्रत्येक बाणावर असे शब्द लिहावेत की दोन्ही चौकटी मिळून एक पूर्ण विधान तयार व्हावे. शेवटी चित्राच्या एका टोकाची चौकट दुसऱ्या टोकाच्या चौकटीला जोडणारे आडवे दुवे शोधावेत. चिठ्ठ्या सरकवता येतात हे येथे फार महत्त्वाचे आहे. चारजणांचा गट एक चिठ्ठी इकडून तिकडे सरकवताना जे बोलतो, ते या पद्धतीतले खरे अध्यापन.

या पुस्तकातील गुणदानाची रीतही बोलकी आहे. प्रत्येक योग्य विधानाला एक गुण, उतरंडीच्या प्रत्येक योग्य पायरीला पाच आणि महत्त्वाच्या आडव्या दुव्याला दहा. उदाहरण दिले तर एक. म्हणजे पाठ करता येण्याजोग्या गोष्टींना सर्वांत कमी किंमत आणि दोन दूरच्या कल्पनांमधला संबंध स्वतः जोडणाऱ्याला सर्वाधिक. टोनी बुझानने सत्तरच्या दशकात लोकप्रिय केलेल्या ‘माइंड मॅप’शी या चित्राची गल्लत होते, म्हणून येथे एवढे नमूद करावेसे वाटते, की माइंड मॅपमध्ये एका मध्यवर्ती शब्दातून फांद्या फुटतात आणि फांदीवर संबंध लिहिण्याची सक्ती नसते. स्मरणासाठी ते उपयुक्त असेल. परंतु त्यात विधान होत नाही, आणि जेथे विधान नाही तेथे ते खरे की खोटे हा वादही नाही.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येते. फ्लोरिडातील पेन्साकोला येथील संस्थेत आल्बेर्तो कान्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हाकबरोबर ‘सीमॅपटूल्स’ ही विनामूल्य संगणकप्रणाली विकसित केली. २००४ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथे या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २००६ ची परिषद कोस्टा रिकातील सान होसे येथे झाली आणि तीत मुंबईचा सहभाग होता. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील मीना खरटमल आणि जी. नागार्जुन यांनी तेथे एक महत्त्वाचा मुद्दा मांडला : बाणावर कोणतेही शब्द लिहायची मुभा असल्याने चित्रे संदिग्ध होतात, तेव्हा विज्ञानापुरते तरी हे जोडशब्द निश्चित अर्थाच्या संबंधांपुरते मर्यादित करावेत. विज्ञानाच्या शिस्तीसाठी हे योग्यच आहे. आम्ही साहित्य शिकवतो, तेथे संदिग्धतेलाही थोडी जागा लागते. परंतु सारा प्रश्न बाणावरच्या शब्दाचा आहे, हे या मांडणीने अचूक हेरले, आणि आमचे लक्षही तेथेच खिळले.

४

मराठीत संकल्पनाचित्र काढू लागल्यावर आम्हांला एक अनपेक्षित अडचण आली. इंग्रजी वाक्यात कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम असतो; त्यामुळे दोन नामांच्या मधोमध बाणावर क्रियापद लिहिले की वाक्य आपोआप वाचता येते. मराठीत क्रियापद शेवटी. ‘वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो’ या वाक्याच्या दोन चौकटी ‘वनस्पती’ आणि ‘सूर्यप्रकाश’. मग बाणावर काय लिहावे? ‘लागतो’ लिहिले तर ते वाक्यात दुसऱ्या चौकटीच्या नंतर येते. शिवाय ‘वनस्पती’चे ‘वनस्पतींना’ झाले आहे. म्हणजे संबंधाचा अर्धा भाग पहिल्या नामाच्या प्रत्ययात गेला आणि अर्धा वाक्याच्या शेवटी क्रियापदात. इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली चित्रे मराठीत कृत्रिम वाटतात त्याचे एक कारण हे आहे.

विद्यार्थ्यांच्या मदतीने आम्ही एक तोडगा काढला. आधी वाक्य बोलायचे, मग लिहायचे, त्यातील दोन संकल्पनांखाली रेघ मारायची आणि उरलेले सारे बाणावर न्यायचे : ‘-ना … लागतो’. टिंबांच्या जागी दुसरी चौकट वाचायची. युक्ती ओबडधोबड आहे, पण तिचा एक फायदा झाला. ‘स, ला, ना, ते’ असे शाळेत घोकलेले विभक्तिप्रत्यय या मुलांना प्रथमच कामाला लागलेले दिसले. ‘ने’ लिहायचे, ‘मुळे’ लिहायचे की ‘साठी’, यावर गटागटांत वाद होऊ लागले. व्याकरण हे नात्यांचे शास्त्र आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत होतो. ते त्यांना बाणावर सापडले.

तृतीय वर्षाच्या एका वर्गात घडलेला प्रसंग येथे सांगणे प्रस्तुत ठरेल. प्रश्न होता : ‘१९६० नंतर मराठी साहित्यात नवे लेखक कोठून आले?’ चिठ्ठ्यांवर आम्ही शब्द लिहून दिले होते : शिक्षणप्रसार, खेडे, मुंबई, बोली, लघुनियतकालिके, आंबेडकरी विचार, मिलिंद महाविद्यालय, ‘अस्मितादर्श’, दलित पँथर, ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, आत्मकथन. पहिल्या वीस मिनिटांत सर्व गटांची चित्रे पूर्ण झाली आणि सर्व बाणांवर दोनच शब्द होते, ‘प्रभाव’ आणि ‘परिणाम’. ती भाषा आमचीच होती. आमच्या व्याख्यानांतून त्यांच्या वह्यांत आणि वह्यांतून बाणांवर आलेली. आम्ही त्या दोन शब्दांना बंदी घातली. वर्गात काही काळ शांतता पसरली. मग हळूहळू बोलणे सुरू झाले. लघुनियतकालिकांनी दलित साहित्याला नेमके काय दिले? छापायला जागा दिली, असे एकाचे म्हणणे. प्रमाण भाषेची भीती घालवली, असे दुसऱ्याचे. त्या वर्तुळात वावरलेल्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आणि दलित पँथरची स्थापना या दोन्ही घटना १९७२ च्या. मग पँथर आणि कविता यांमधला बाण कोणत्या दिशेने काढायचा? यावर घंटा झाल्यानंतरही बोलणे चालू होते.

त्याच तासाला मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने कोरी चिठ्ठी मागितली. आमच्या यादीत नसलेला शब्द तिला हवा होता. तिने लिहिले, ‘वसतिगृह’. तिचे आजोबा गावातले पहिले शिकलेले. ते वसतिगृहात राहून शिकले. तेथे जेवण होते, दिवा होता आणि रात्री मोठ्याने वाचून दाखवणारे सोबती होते, असे ते सांगत. ‘वसतिगृह नसतं तर मिलिंद महाविद्यालयात बसलं कोण असतं, आणि “अस्मितादर्श” वाचला कोणी असता?’ असा तिचा प्रश्न होता. तिने आपल्या चिठ्ठीपासून दोन आडवे बाण काढले, एक वाचकांकडे आणि एक लेखकांकडे. डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या संस्थेचे औरंगाबादचे महाविद्यालय १९५० चे, गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ त्याच शहरातून काढीत, हे सारे आम्ही तिला शिकवले होते. या दोन गोष्टींच्या मध्ये एक खोली आणि एक दिवा आहे, हे तिने आम्हांला शिकवले. विद्यार्थ्याला आधी काय ठाऊक आहे ते शोधा, हे ऑसुबेलचे सूत्र आम्ही अनेकदा वाचले होते. ते खरे किती आहे हे त्या दिवशी कळले.

५

आणि यापुढची हकिकत आमच्या चुकीची आहे. ते चित्र आम्हांला इतके आवडले की आम्ही ते नीट काढून घेतले, शुद्धलेखन सुधारले, संगणकावर सुबक चौकटी केल्या आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्याच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. वेळ वाचला, अभ्यासक्रम वेळेत संपला. परीक्षेत त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तेच चित्र पानापानावर आले. त्यात ‘वसतिगृह’ होते, योग्य जागी होते. पण बहुतेकांनी बाणांवरचे शब्द गाळले होते. पाठांतरात चौकटी टिकतात, बाणांवरचे शब्द गळतात. एका मुलीच्या घरातून आलेला शब्द दुसऱ्या वर्षीच्या मुलांसाठी सातवा मुद्दा होऊन बसला होता. रामुसला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार उरला नव्हता.

हेच मोठ्या प्रमाणावर आपल्या शालेय शिक्षणात घडले, असे खेदाने म्हणावे लागते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार पुढे आणला, ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द महाराष्ट्रातील शिक्षकांच्या तोंडी रुळला, आणि काही शाळांनी तो मनापासून अमलात आणला. पाठ्यपुस्तकांच्या स्वाध्यायांत संकल्पनाचित्रे आली. २०१८-१९ पासून दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, आणि तिच्याबरोबर आकृत्याही. हेतू घोकंपट्टी थांबवण्याचा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु लाखो उत्तरपत्रिका ठरावीक दिवसांत तपासायच्या तर उत्तर एकच असावे लागते, आणि उत्तर एकच असायचे तर आकृती आधीच काढलेली असावी लागते. मग बाणावरचा शब्द परवडत नाही. राहतात त्या रिकाम्या चौकटी, आणि त्या भरून देणारी गाईडे.

संकल्पनाचित्र म्हणजे रामबाण उपाय, असेही आम्हांला सुचवायचे नाही. २०११ मध्ये कार्पिक आणि ब्लंट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून संकल्पनाचित्र काढले. काहींनी तो वाचून, बाजूला ठेवून, आठवेल ते लिहिले आणि हेच पुन्हा केले. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते. हा प्रयोग पर्ड्यू विद्यापीठात, म्हणजे नोव्हाक कॉर्नेलला येण्यापूर्वी जेथे शिकवीत असे तेथेच, झाला हा एक योगायोग. पण त्याच दोघांनी २०१४ मध्ये आणखी एक अभ्यास मांडला : मजकूर बाजूला ठेवून, आठवून, काढलेले संकल्पनाचित्र आठवून लिहिण्याइतकेच परिणामकारक ठरते. २०१८ मध्ये श्रोडर, नेस्बिट आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. संकल्पनाचित्रांचा एकूण परिणाम त्यांना चांगला आढळला. आणि दुसऱ्याने काढलेले चित्र अभ्यासण्यापेक्षा स्वतः चित्र काढण्याचा लाभ अधिक दिसला. आकडे वेगवेगळे आहेत, पण त्यांचा रोख एकच आहे. पुस्तक उघडे ठेवून उतरवलेले, किंवा दुसऱ्याने काढून हाती दिलेले चित्र फारसे शिकवीत नाही. स्वतःच्या मनातून काढावे लागते ते शिकवते. १९७२ मध्ये इथाकात मुलांच्या बोलण्यातून पहिले चित्र निघाले, तेव्हा मुलांपुढेही पाठ्यपुस्तक उघडे नव्हते.

आता आम्ही दोन पथ्ये पाळतो. चित्र काढताना पुस्तके आणि वह्या बंद असतात. ती चित्र झाल्यावर उघडायची, चुका शोधण्यासाठी. आणि एका वर्षीचे चित्र पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्यायचे नाही. यात वेळ फार जातो. साठ-सत्तरांच्या वर्गात दर तासाला हे शक्यही नाही. सत्रातून तीन-चार वेळा जमले तरी आम्ही समाधान मानतो. बाकीचे तास आम्ही व्याख्यानच देतो, आणि ऑसुबेलला स्मरून त्याची लाज बाळगत नाही.

चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात आता चार-पाच कोऱ्या चिठ्ठ्या मुद्दाम ठेवतो. दर वर्षी कोणीतरी विचारतेच, ‘सर, यात काय भरायचं?’ ठाऊक नाही, असे आम्ही सांगतो. पहिल्या दिवशी मुलांना ती आमची टाळाटाळ वाटते. त्यांचा विश्वास बसेपर्यंत बहुधा सत्र निम्मे संपलेले असते.